चल, मी पण येते!

माझी धाकटी बहीण लातूरला असते, मी नांदेडला. दर रविवारी रात्री आमचा फोन ठरलेला. दोन वर्षांपूर्वी तिला शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं. झालं! तेव्हापासून आमच्या फोनचं रूपच पालटलं. "चाललीस का आज? वजन किती आलं? तुझ्या शेजारची बघ, कशी रोज जाते! तुलाच तुझ्या तब्येतीची काळजी नाही." मोठी बहीण म्हणून मी हक्कानं बोलत होते. चार-पाच रविवार तिनं "हो अक्का, उद्यापासून नक्की" म्हणून वेळ मारून नेली. मग हळूहळू फोन उचलणंच बंद केलं. "अक्का, कामात होते गं," एवढाच निरोप यायचा.

मला राग आला. मग वाईट वाटलं. शेवटी पंचमीच्या निमित्तानं मी लातूर गाठलं. दुपारी जेवणं झाल्यावर तिनं पलंगाखालून एक खोकं ओढलं. आत कोरे करकरीत बूट. "तीनच दिवस गेले अक्का," ती म्हणाली. "चहाच्या टपरीवरची माणसं टक लावून बघतात. एक जण मोठ्यानं हसला. त्यात सकाळी पाचला उठून डबे, मग पोरीची ट्यूशन. आणि रात्री तुझा फोन आला की वाटायचं, आता अक्का हजेरी घेणार!"

मैत्रिणींनो, मला तोंड वर करून बघवेना. टपरीवरच्या त्या माणसानं तिला जेवढं घरात बसवलं, तेवढंच मीही बसवलं होतं.

'बायका आळशी झाल्यात, घरात मशीन आल्या ना!' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. आता जरा आकडे बघा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाप्रमाणे २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के स्त्रियांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांचं प्रमाण ४२ टक्के होतं. म्हणजे आपण मागे आहोत हे खरं. पण केंद्र सरकारची २०२४ ची वेळेच्या वापराची पाहणी काय सांगते? बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवते, पुरुष ८८ मिनिटं. जिचे जवळजवळ पाच तास घर खातं, तिला आळशी कसं म्हणायचं?

मग कुणी म्हणेल, घरकाम हाच व्यायाम झाला की! काही अंशी खरं आहे. अंगण झाडणं, पाण्याच्या घागरी उचलणं ही हालचालच आहे. पण व्यायामाची साधी खूण अशी, की श्वास थोडा वाढावा, बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटताना आपण अख्खं गाणं म्हणतो ना? पाय दुखतात, कंबर भरून येते, पण व्यायाम होत नाही. आणि ते काम असतं दुसऱ्यांसाठी. चालणं स्वतःसाठी असतं. बाईला अवघड जातं ते इथेच. स्वतःसाठी अर्धा तास घेतला की काहीतरी चोरल्यासारखं वाटतं.

माणूस व्यायामाला लागतो कसा आणि टिकतो कसा, यावर मानसशास्त्रानं बराच विचार केलाय. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी अभ्यासकांचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर माणसाला तीन गोष्टी लागतात. 'हे मी माझ्या मनानं करतेय', 'हे मला जमतंय' आणि 'माझ्यासोबत माझी माणसं आहेत'. आता माझे फोन आठवा. चालणं तिच्या मनाचं राहिलं नाही, ते अक्काचं फर्मान झालं. शेजारणीशी तुलना करून 'तुला जमत नाही' हेही मी ऐकवलं. आणि सोबत? ती तर फोनवरून कशी होणार! तिन्ही पाय मीच मोडले आणि वर म्हणत होते, तिवई उभी का राहत नाही?

लोक काय म्हणतील ही भीतीही काही आपल्याच गल्लीतली नाही. इंग्लंडमध्ये २०१५ साली 'धिस गर्ल कॅन' ही मोहीम सुरू झाली, ती याच कारणानं. तिथल्या बायकाही आपल्या दिसण्याला, घामाला, न जमण्याला लोक हसतील म्हणून मैदानावर येत नव्हत्या. मोहिमेनं सडपातळ नट्या दाखवल्या नाहीत. घामाघूम झालेल्या, जाडजूड, साध्यासुध्या बाया दाखवल्या. आपल्यासारखीच कुणी करताना दिसली की 'मलाही जमेल' हा विश्वास येतो, असं अल्बर्ट बांडुरा यांनी फार आधी सांगून ठेवलंय.

आपल्याकडे अशी बाई नाही का? आहे की! नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्याच्या भाग्यश्री जाधव. आघातानं पायातलं बळ गेलं, व्हीलचेअर आली. तिशी ओलांडल्यावर त्या मैदानात उतरल्या, बसून गोळाफेक करायला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी सात मीटर गोळा फेकला, सातव्या आल्या. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ७.५४ मीटर फेकून रौप्यपदक आणलं. आणि २८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये सुमित अंतिलसोबत भारताचा तिरंगा घेऊन त्या संघाच्या पुढे होत्या. तिथे त्या पाचव्या आल्या.

आता लगेच 'बघा, त्यांना जमतं, मग तुम्हाला का नाही?' असं मी म्हणणार नाही. ते पुन्हा टोमणाच मारणं होईल. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते सात मीटर ते ७.५४ मीटर एवढंसं अंतर. जेमतेम दोन-अडीच वितींचं, पण त्याला दोन वर्षं लागली. मोजायचं ते आपल्याच कालच्या अंतराशी, शेजारणीच्या अंतराशी नाही.

पंचमीच्या त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट झाली. गल्लीतल्या बायांनी फेर धरला. माझी बहीण आधी कडेला उभी होती. कुणीतरी हात धरून ओढलं, आणि मग पदर खोचून बाई जी फुगडी घालायला लागली! अर्धा तास. श्वास फुललेला, चेहरा लाल, आणि हसू थांबेना. मी बघतच राहिले. ही तीच, जिला चालायचा कंटाळा आहे म्हणून मी बोलत होते! आपल्या आज्यांनी कधी 'व्यायाम' हा शब्द उच्चारला नसेल. पण झोका होता, फुगडी होती, झिम्मा होता. तिथे वजनकाटा नव्हता, मैत्रिणी होत्या. सणाचं ते अंगण वर्षातून एक-दोन दिवसांपुरतं उरलं, आणि खेळणं आपल्या आयुष्यातून कधी गेलं ते कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपदेश केला नाही. एवढंच म्हटलं, "चल, मी पण येते." टपरीचा रस्ता सोडून दुसरी गल्ली धरली. बारा मिनिटं चाललो. परत आलो, चहा घेतला. चार दिवस मी होते, चार दिवस चाललो. जाताना समोरच्या घरातल्या वहिनींना गाठून दिलं. ठरवलं काय, तर 'पोरगी ट्यूशनला निघाली की लगेच चप्पल घालायची नाही, बूट घालायचे'. 'उद्यापासून' असं मोघम ठरवण्यापेक्षा 'हे झालं की ते' असं बांधून ठेवलेलं जास्त टिकतं, हेही अभ्यासकांनी पाहिलंय. आणि एखादा दिवस चुकला म्हणून सगळं मोडलं असं समजू नका. लंडनच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४! एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. ऐकून धडकी भरते ना? पाच दिवस अर्धा-अर्धा तास, एवढंच ते. आणि दहा मिनिटंही फुकट जात नाहीत. गुडघे, बीपी, शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पहाट नाहीतर दिवेलागण गाठा.

पण सगळंच बाईच्या पदरात टाकून कसं चालेल? घरातल्या पुरुषानं सकाळचा एक डबा भरला तर बायकोचा अर्धा तास सुटतो. गावागावांतल्या नगरपालिकांनी मैदानावर दिवे लावावेत, बायकांसाठी स्वच्छतागृह बांधावं, बसायला चार बाक टाकावेत. यात अवघड काय आहे? आणि लातूर पॅटर्नचा आपल्याला अभिमान आहेच, पण त्या ट्यूशनच्या धबडग्यात आपल्या लेकींचा खेळाचा तास कुठे गेला, हेही एकदा विचारू या. मुलगी दहावीला गेली की पहिलं बंद होतं ते खेळणं. चाळिशीत पलंगाखाली जाणाऱ्या बुटांची सुरुवात तिथेच होते.

बहिणीची शुगर एकदम उतरली वगैरे काही सांगत नाही. गोळ्या चालू आहेत. पण आठवड्यातले चार-पाच दिवस ती आणि वहिनी चालतात, आणि रविवारी भाचीही जाते. आमचा फोन पुन्हा सुरू झालाय. परवा तिनंच विचारलं, "अक्का, तू चाललीस का गं आज?" मी गप्प. खरं तर तीन दिवस मीच गेले नव्हते. ती हसली आणि म्हणाली, "बरं, उद्या सहाला फोन करते. तू नांदेडात चाल, मी लातुरात. बोलत बोलत जाऊ."

तुमच्याही ओळखीत अशी कुणीतरी असेल. तिला तिचं वजन विचारू नका. फक्त तिच्या दारात जा आणि म्हणा, चल, मी पण येते!