नाव कळलं, पण झाड कळलं का?

विद्यार्थी मित्रांनो, झाडाचं नाव पाठ झालं म्हणजे झाड ओळखता आलं, असं नाही. ते कुठे वाढतं हेही कळायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. अंजनीचंच उदाहरण घ्या.

अंजनी हे सह्याद्रीतलं लहानखुरं, सदाहरित झाड. उंच वृक्षांच्या रानात ते त्यांच्या सावलीत, खालच्या थरात वाढतं. महाबळेश्वरच्या माथ्यावर मात्र वाऱ्यामुळे सगळं रानच बुटकं आहे. तिथे अंजनीच जागोजागी दिसते.

ती ओळखायची कशी? पाने समोरासमोर, जाड आणि चकचकीत. बाजूच्या शिरा चटकन दिसत नाहीत. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे झुबके थेट फांदीलाच लगडतात. जवळून बघा, पाकळ्या चार आणि पुंकेसर आठ. फळ छोटं, गोल; पिकल्यावर काळं-जांभळं होतं. पक्षी ते खातात.

आता गंमत बघा. काही ठिकाणी अंजनीलाही लोक 'अंजन' म्हणतात. पण खानदेशातला अंजन वेगळाच! तो कोरड्या, पानगळीच्या रानातला उंच वृक्ष. त्याचं पान आपट्याची आठवण करून देणारं, दोन दलांचं. फुलं बारीक, फिकट. नाव सारखं, पण पत्ता अगदी निराळा. म्हणून झाडाला नावाबरोबर पत्ताही विचारायचा.

हा पत्ता विसरल्याची किंमत आपल्या देवराया मोजतात. देवळाचा परिसर 'स्वच्छ' करायचा म्हणून खालचा झाडोरा तोडला जातो, वर फरशी बसते. मोठी झाडं राखली ना, मग देवराई राखली, असं आपल्याला वाटतं. पण अंजनीसारखी झाडं त्याच झाडोऱ्यात असतात. उद्याच्या मोठ्या वृक्षांची रोपंही तिथेच वाढत असतात. ती गेली, तर आजचे वृक्ष म्हातारे झाल्यावर त्यांची जागा कोण घेणार?

कुणी म्हणेल, "तोडली तर तोडली, दुसरी लावू की!" वृक्षारोपण जरूर करा. पण सावली, पालापाचोळा, ओलावा यांनी बनलेलं रान एका पावसाळ्यात उभं राहत नाही.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, पुढच्या क्षेत्रभेटीत मुलांच्या वहीत नावाशेजारी आणखी चार रकाने आखा: पान, फूल, जागा, शेजारची झाडं. आणि मुलांनो, तुमच्या गावच्या देवराईत मोठ्या झाडांखाली काय काय उगवलंय, ते एकदा वाकून बघाल ना?