छायाचित्राचे मोल आणि सज्जता

म्हसवडला लग्नसराईची चाहूल देवाच्या लग्नाने लागते. कार्तिकात सिद्धनाथ आणि जोगेश्वरीचा विवाह होतो, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथ निघतो आणि पुढे माणगंगेच्या काठी गावोगावी मांडव उभे राहू लागतात. आचारी, वाजंत्री, मांडववाला यांच्या जोडीला छायाचित्रकारही ठरवला जातो. पण बहुधा सर्वांच्या शेवटी. ‘फोटोचे किती घेणार?’ एवढाच प्रश्न विचारला जातो, घासाघीस करून आकडा खाली आणला जातो आणि त्या पैशात नेमके काय मिळणार याविषयी दोन्ही बाजू मौन पाळतात. लग्नानंतरच्या बऱ्याच कटकटींचे मूळ या मौनात असते.

वस्तुतः हा व्यवसाय इतरांहून निराळा आहे. शिंप्याची शिवण चुकली तर ती उसवून पुन्हा घालता येते. अंतरपाट दूर होण्याचा क्षण पुन्हा आणता येत नाही. म्हणून यजमान जे विकत घेतो ती केवळ छायाचित्रे नव्हेत, तर छायाचित्रकाराची सज्जता होय. जोडीला दुसरा कॅमेरा, जादा बॅटऱ्या, वीज गेली तरी पुरेल असा प्रकाश, विधींच्या क्रमाची माहिती आणि त्याच रात्री सर्व चित्रांची दुसरी प्रत काढून ठेवण्याची शिस्त, हे सारे त्या सज्जतेत येते. ३६ चित्रांच्या फिल्मच्या काळात प्रत्येक चित्र जपून काढावे लागे. डिजिटल कॅमेऱ्याने ती काटकसर संपवली, जबाबदारी नव्हे.

ही सज्जता फुकट येत नाही. उदाहरणादाखल, दीड लाखाची साधने पाच वर्षे टिकली आणि वर्षाला तीस लग्ने मिळाली, तर प्रत्येक लग्नामागे एक हजार रुपये केवळ साधनांच्या झिजेचे होतात. मदतनीस, प्रवास, अल्बमची छपाई आणि चित्रे निवडण्यात जाणारे दिवस यांचा खर्च वेगळाच. चातुर्मासात लग्नांचे उत्पन्न जवळजवळ थांबते. हा हिशेब न मांडता शेजारच्या स्टुडिओपेक्षा पाचशे रुपये कमी सांगणारा अखेर एकाच मुहूर्तावर दोन लग्ने घेतो आणि एका ठिकाणी नवशिक्या पोराला धाडतो. स्वस्ताईची किंमत मग वधूपित्यालाच मोजावी लागते.

परंतु केवळ यजमानाला दोष देऊन भागणार नाही. माणसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात कर्ज काढून मुलीचे लग्न करणाऱ्या बापाला ऐनवेळी जादा पानांचे आणि ड्रोनचे आकडे ऐकवणे, हा व्यवहार नसून अडवणूक आहे. रास्त दर म्हणजे चढा दर नव्हे. ज्याचा हिशेब समोरच्यापुढे मांडता येतो, तो दर रास्त.

उपाय साधा आहे. कोण येणार, किती वेळ थांबणार, किती चित्रे देणार, अल्बम केव्हा मिळणार, विसार किती, आणि लग्न पुढे ढकलले गेल्यास काय, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्याप्रमाणे काढवून घेणाऱ्याकडे असतो. तेव्हा नवरीचे चित्र दुकानाच्या काचेत लावण्याची संमतीही त्याच कागदावर असावी. सेवेतील उणिवेबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. लेखी कागद असला तर दोघांचीही बाजू स्पष्ट राहते.

हिशेबाची ही रीत म्हसवडला परकी नाही. संस्थापक स्त्रिया निरक्षर म्हणून ज्या बँकेचा परवान्याचा अर्ज आधी नाकारला गेला होता, त्या माणदेशी महिला सहकारी बँकेला, त्या स्त्रिया लिहावाचायला शिकल्यावर, १९९७ मध्ये रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळाला. त्याच गावातील छायाचित्रकारांना एकत्र बसून कराराचा एक नमुना आणि किमान तयारीची एक यादी करणे अवघड नाही. यजमानांनीही आकडा विचारण्याआधी ती यादी विचारावी. आधी काम ठरावे, मग दाम. म्हणजे मांडव उतरल्यावर भांडण उरणार नाही.