शाल-श्रीफळ नव्हे, काम द्या

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, अनावरण झालेला श्रीशिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा महाराष्ट्राच्या मनास जो घाव बसला तो रास्तच होता. नऊ महिनेही न टिकलेल्या त्या कामाची चौकशी झाली. सांगाड्याचा गंज, त्याची अशक्तता व जोडकामातील चुका अशी कारणे पुढे आली. आणि २०२५ साली त्याच जागी अधिक उंच असा नवा पुतळा उभा राहिला. येथवर ठीक. परंतु त्या प्रकरणावरून लोकांनी जो धडा घेतला तो आम्हांस अर्धाच वाटतो. शिल्पकार तरुण होता, एवढ्या मोठ्या कामाचा अनुभव त्यास नव्हता, सबब तरुणांच्या हाती असली कामे देऊच नयेत, असे तेव्हा पारापारावर बोलले गेले. नवख्यास एकदम ३५ फुटांचे काम देणे ही चूक खरीच. पण त्याहून मोठी चूक ही की, आधी पाच फुटांचे, मग दहा फुटांचे काम देऊन त्यास शिकविणारी पायरीच आम्ही कोठे बांधलेली नाही. कला संचालनालयाने मान्यता दिली ती सहा फुटी मातीच्या नमुन्यास. प्रत्यक्ष पुतळा एवढा उंच होणार हे आपणास कळविलेच नव्हते, असे संचालनालयाकडून मागाहून सांगण्यात आले. सहा फुटांपासून पस्तीस फुटांपर्यंतच्या त्या वाटेवर जाणता पाहणारा कोण होता, हा प्रश्न शिल्पकाराच्या वयापेक्षा अधिक महत्त्वाचा नव्हे काय?

कलाशाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींस पारितोषिके मिळत नाहीत असे नाही. पदक मिळते, प्रमाणपत्र मिळते, प्रदर्शनांतून थोडी रोख रक्कमही मिळते. पण हा सारा गौरव छपराखालच्या शिल्पाचा. उघड्यावरचे शिल्प ही निराळीच विद्या आहे. तेथे वारा ढकलतो, ऊन धातूस ताणते, पावसाचे पाणी जोडांतून आत शिरून सळई खाते, आणि बाहेरून सारे झळाळत असता आतून सांगाडा पोखरला जातो. ही विद्या पुस्तकाने येत नाही. काम उभे करूनच येते. आणि काम उभे करावयाचे तर मातीचा नमुना, त्यावरून साचा, मेण, भट्टी, ओतकाम, वाहतूक, चौथरा या प्रत्येकास पैसा लागतो. गरीब घरच्या पोराने तो कोठून आणावा? सरकारी निविदा भरू म्हटले तर अनामत रक्कम हवी, उलाढाल हवी, आणि पूर्वी तसलेच काम केल्याचा दाखला हवा. म्हणजे पोहता आल्यावाचून पाण्यात उतरावयाचे नाही, असा हा न्याय झाला.

ज्यांच्या नावाचा आज आम्ही अभिमान वाहतो त्यांची चरित्रे काय सांगतात? गणपतराव म्हात्रे यांनी ‘मंदिरपथगामिनी’ घडविली ती १८९६च्या सुमारास, विद्यार्थिदशेत. त्या एका प्लास्टरच्या मूर्तीने त्यांस नाव दिले व पुढे मोठी कामे दिली. सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर हे गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या घरातले. ऑटो रॉथफेल्ड या कलेक्टराच्या दृष्टीस त्यांचा हात पडला नसता व त्याने त्यांस मुंबईच्या कलाशाळेची वाट दाखविली नसती, तर १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा कोणी घडविला असता? धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे जन्मलेल्या राम सुतारांनी अजिंठा-वेरूळच्या जुन्या शिल्पांच्या डागडुजीचे काम केले आणि पस्तिशीच्या सुमारास चंबळेवरील गांधीसागर धरणापाशी ४५ फुटी चंबळामाता काँक्रीटमधून कोरून काढली. सरदार पटेलांचा १८२ मीटरांचा पुतळा २०१८ साली झाला. त्याची पायरी ती चंबळामाता होय. मात्र या साऱ्या कथांत एक उणेपण आहे. कोणा अधिकाऱ्याची नजर पडली, कोणा संस्थेची कृपा झाली, म्हणून हे घडले. ज्यांवर नजर पडलीच नाही ते किती, याचा हिशेब कोण ठेवणार?

फ्लॉरेन्स शहराने हा प्रश्न १४०१ साली सोडविला. तेथील बाप्तिस्म्याच्या मंदिरास काशाची दारे हवी होती. कापडाच्या व्यापाऱ्यांच्या संघाने स्पर्धा लावली, सात जणांना एकच विषय देऊन नमुन्याचा पट ओतावयास सांगितले व ते पट शेजारी ठेवून निवड केली. काम मिळाले ते गिबर्टी नावाच्या बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणास, आणि त्या एका दारावर त्याची वीसांहून अधिक वर्षे गेली. पैसा राजाचा नव्हता, धर्मगुरूचाही नव्हता. व्यापाऱ्यांच्या संघाचा होता, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी.

कारण संघ आमच्याकडेही आहेत. नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती तालुक्याचा जो पट्टा हिरवा केला, त्यातील कोऱ्हाळे बुद्रुक या गावाचे नाव आम्ही येथे मुद्दाम घेतो. शेजारी सोमेश्वरसारखा सहकारी साखर कारखाना आहे, गावोगाव सोसायट्या आहेत, आणि एकेकाने न होणारे काम दहांनी मिळून करण्याची सवय या भागास पिढ्यांची आहे. अशा गावाने दर दोन वर्षांनी एका नवोदित शिल्पकारास उघड्यावरचे एक शिल्प करावयास द्यावे. बक्षीस म्हणजे शाल, श्रीफळ आणि पाकीट नव्हे. बक्षीस म्हणजे ते कामच. अर्ज आले की चारपाच जण निवडून त्यांस नमुन्याचे पैसे आधी द्यावेत. फुकट नमुने मागविणे ही सभ्य दिसणारी चोरी आहे. ते नमुने शाळेत आठ दिवस मांडून ठेवावेत, म्हणजे आयाबायांनाही पाहता येतील. निवडल्या गेलेल्याचे मानधन साहित्याच्या खर्चापासून वेगळे ठेवावे, नाही तर ओतकामाचे बिल चुकविताना त्याच्या हाती काहीच उरत नाही. सांगाड्याचे गणित अभियंत्याने तपासून त्याखाली सही करावी, आणि शेवटचा हप्ता दोन पावसाळे गेल्यावर द्यावा. उंची दहा फुटांच्या आतच असावी. जागा रस्त्यापासून दूर, गावाच्या मालकीची. सार्वजनिक रस्त्यांवर पुतळ्यांस परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३चा आदेशही आहेच.

कोणी म्हणेल, गावास आधी पाणी हवे, शाळेस छप्पर हवे. ही चैन कशाला? पाण्याच्या व शाळेच्या पैशास हात लावा असे आम्ही म्हणतच नाही. स्वागतकमानी उभ्या राहतातच, वाढदिवसांचे फलक चौकाचौकांत लागतातच. त्यांचा खर्च कोणी चैन म्हणून मोजत नाही. आमची मागणी त्यातल्याच चार पैशांवर आहे. शिवाय उघड्यावरचे शिल्प आम्हांस परके नाही. कितीएक गावांच्या वेशीवर वीरगळ उभे आहेत. ते गावच्या पाथरवटांनीच घडविले. वीराची ओळख निदान दगडावर कोरलेली राहिली, पाथरवटाचे नाव मात्र राहिले नाही, आणि आज इतक्या वर्षांनी कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव मोठ्या अक्षरांत असते व शिल्पकाराचे बहुधा कोठेच नसते. ज्या वडार-पाथरवटांच्या घरांत छिन्नी पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्यांच्या मुलांना या स्पर्धेत कलाशाळेच्या पदवीची अट घालू नये.

विषय ग्रामसभेने ठरवावा. आमची सूचना विचाराल तर ती एवढीच: दर हंगामास बीडकडून व इतर दुष्काळी मुलखातून ऊसतोडणीची बिऱ्हाडे या पट्ट्यात येतात, पहाटेच्या थंडीत फडात उतरतात आणि पट्टा पडला की निघून जातात. ज्यांच्या कोयत्यावर ही साखर चालते, त्यांपैकी एकीची मूर्ती कारखान्याच्या वाटेवर आजवर आमच्या पाहण्यात आलेली नाही. मोळी डोक्यावर घेतलेली ती बाई पहिल्या शिल्पकाराने घडवावी, आणि चौथऱ्यावर पहिले नाव त्याचे अथवा तिचे कोरावे. उद्घाटकास पुढची ओळ मिळेल.