जहाजाला स्वस्त, चुलीला महाग



बाजार खुला झाला की जिथं टंचाई तिथं धान्य आपोआप जाईल, असं सरकार 2002 पर्यंत दहा वर्षं सांगत होतं. दाणा खरा कुठं जातो ते बघायला मुंबईत अँटॉप हिलला जा. एका बाजूला गोदामं, पलीकडं गोदीची रेल्वे आणि बंदर. दुसऱ्या बाजूला झोपडपट्टी. जव्हार-मोखाड्याकडून बिगारीला गेलेलं एखादं घर तिथं धरा. नवरा-बायको, तीन लेकरं. पिवळं रेशनकार्ड हवं तर वर्षाची कमाई 15,000 रुपयांच्या आत पाहिजे. म्हणजे दिवसाला 41 रुपये, माणशी 8. दोघांना काम मिळालं की ते सरकारच्या हिशेबात 'वरचे', त्यांना केशरी कार्ड! एप्रिल 2000 पासून केशरीचा भाव पिवळ्याच्या दुप्पट केला. पुढं थोडा उतरवला, पण तोवर गरिबानं रेशनचं दुकानच सोडलं होतं.

दुकानातून उचल नाही म्हणून गोदामं तुंबली. 2002 साली देशात सहा कोटी टनांच्या वर धान्य पडून होतं. गरजेचा साठा तेव्हा अडीच कोटींच्या आत होता. मग काय केलं? निर्यातदाराला पिवळ्या कार्डाच्या भावात गहू दिला. अँटॉप हिलच्या बिगाऱ्याला जो भाव नाकारला तो परदेशी जाणाऱ्या जहाजाला मिळाला. याला म्हणे बाजार जोडणं!

उलटंही झालं. 1999 साली दक्षिणेतल्या पीठगिरण्यांनी ऑस्ट्रेलियाचा गहू मागवला, कारण पंजाबातून रेल्वेनं आणण्यापेक्षा तो जहाजानं स्वस्त पडत होता. पंजाबची कोठारं तेव्हा भरलेलीच होती. डिसेंबरात 50 टक्के आयातशुल्क लावलं तेव्हा कुठं ते थांबलं. म्हणजे सरकारनं हात घातला की बाजार वळतो. आपल्यासाठीच तो हात का उठत नाही?

आपल्याकडं बघा. दिवाळीला भात निघालं की देणं फेडायला पडेल त्या भावात व्यापाऱ्याला घालायचं, आषाढात तोच दाणा दिढीनं आणायचा. हे मोडायला 1976 चा कायदा झाला, आदिवासी विकास महामंडळाची एकाधिकार खरेदी आली. केंद्र उशिरा उघडतं, काट्यात मारतात, पैसे रखडतात, हे सगळं खरं. त्यावर आपणच मोर्चे नेलेत. पण आता 'खुल्या बाजाराच्या आड येते' म्हणून ती खरेदीच गुंडाळा असं कोणी म्हणू लागलं, तर त्याला विचारा: काटा दुरुस्त करायचा की व्यापाऱ्याच्या हातात द्यायचा?

आणि नाचणी, वरई? ती तेव्हा रेशनला मिळत नव्हती. ती येते आपल्या जंगलातल्या प्लॉटवर. दिल्लीच्या वनखात्याचं 3 मे 2002 चं पत्रक त्याच प्लॉटवरून आपल्याला 'अतिक्रमणदार' म्हणून उठवायला सांगत होतं. प्लॉट गेला की नाचणी गेली, मग दाणा विकतच. विकत घ्यायला पैसा नाही, म्हणून बिगारी, म्हणून अँटॉप हिल, म्हणून केशरी कार्ड. वाट सरळ आहे.

पाड्यापाड्यात ठराव करा: रानातला प्लॉट सोडणार नाही. प्रत्येक आदिवासी घराला, शहरात कामाला गेलेल्यालाही, पिवळं कार्ड. एकाधिकार खरेदी दिवाळीआधी सुरू, नाचणी-वरईसुद्धा घ्या आणि इथल्याच रेशन दुकानात द्या. ठरावाखाली अंगठे-सह्या घ्या. बैठकीला येताना रेशनकार्डं आणि गेल्या सालच्या भाताच्या पावत्या आणा. पावती मिळाली नसेल तर किती भात घातलं, किती पैसे हातात आले, ते लिहून आणा.