विश्लेषण : माणमधून पावसात कोकणात निघताना फोनवरचा अंदाज का फसतो?

जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की दहिवडी, म्हसवड, गोंदवले परिसरातून कोकणाकडे गाड्या निघतात. बाजरीची पेरणी उरकलेली असते, पोरांना समुद्र बघायचा असतो आणि पाऊस बघायची हौस तर माणदेशाइतकी कुणालाच नसेल. गुहागर, हर्णे, गणपतीपुळे ही ठरलेली नावे. सात-आठ जणांत एक भाड्याची गाडी, एका रात्रीचे आगाऊ बुकिंग आणि निघताना फोनवर बघितलेले हवामान : ‘ढगाळ, हलक्या सरी’.

हा अंदाज खोटा नसतो, पण तो दहिवडीचा असतो. गाडी जाणार असते कुंभार्ली घाटात.

एकाच जिल्ह्यात दोन पावसाळे

माण तालुक्यात वर्षभरात साधारण ४५० ते ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही पडला तर. त्याच सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरची वार्षिक सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्प सह्याद्रीला धडकून वर चढते, थंड होते आणि तिथेच रिते होते. पूर्वेला माणपर्यंत पोहोचतो तो उरलेला वारा. शाळेच्या भूगोलात हे सगळ्यांनी वाचलेले असते. त्याचा प्रत्यक्षातला अर्थ २३ जुलै २०२१ च्या सकाळी कळला. त्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. माणमध्ये वर्षभरात पडतो त्यापेक्षा जास्त पाऊस एका दिवसात!

त्याच दोन दिवसांत वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले. महाडजवळ तळियेवर दरड कोसळली. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला. नकाशावर ही नावे एकदा शोधून बघावीत. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण हा माणमधून समुद्राकडे जाण्याचा नेहमीचा रस्ता. महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर हा दुसरा. संकट या दोन्ही रस्त्यांच्या अवतीभवतीच होते.

हवामान विभाग हा फरक आता स्वतंत्रपणे सांगतो. इशाऱ्यात ‘सातारा’ आणि ‘सातारा घाट परिसर’ असे वेगळे उल्लेख असतात. सातारा जिल्ह्याच्या मैदानी भागाला काहीच इशारा नाही आणि घाटाला मात्र ‘रेड अलर्ट’, असे पावसाळ्यात अनेकदा होते. फोनमधले तयार ॲप मात्र ज्या गावात फोन आहे त्याच गावाचे चित्र दाखवते. म्हणून बघायचा असतो तो विभागाच्या ‘मौसम’ ॲपवरचा जिल्हानिहाय इशारा, आणि तोही एका नव्हे, दोन जिल्ह्यांचा : घाट उतरल्यावर कुंभार्लीखाली रत्नागिरी लागतो, आंबेनळीखाली रायगड.

रंगांचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अतिमुसळधार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत मुसळधार’ अशी विभागाची वर्गवारी आहे. पिवळा, नारिंगी आणि लाल रंग ढोबळमानाने याच चढत्या क्रमाने लागतात. माणच्या अनुभवात साठ-सत्तर मिलिमीटर म्हणजे ओढे-नाले एक करणारा, वर्षभर आठवणीत राहणारा पाऊस. घाटात तो जुलैतला साधा दिवस असतो. गफलत इथेच होते. ‘पाऊस’ हा शब्द दोन्हीकडे एकच असला तरी मापे वेगळी आहेत.

चूक नेहमी पर्यटकाचीच?

दरवर्षी एखादी दुर्घटना झाली की ‘अतिउत्साही पर्यटक’ हा शब्द बातम्यांत येतो, बंदीचे आदेश निघतात. धबधब्याच्या कड्यावर सेल्फी काढणाऱ्यांना तो शब्द लागू पडतो. पण कोकणातल्या रस्त्यांवरच्या मोठ्या दुर्घटना आठवून बघा.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहने नदीत गेली. त्या बसमधले लोक कसलेही साहस करत नव्हते, मुंबईला निघाले होते. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरला सहलीला जाताना आंबेनळी घाटात दरीत कोसळली. बसमधला एकच जण वाचला. ही माणसे तर कोकणातच राहणारी, पावसाची सवय असलेली. म्हणजे प्रश्न फक्त हौशी पाहुण्यांच्या बेफिकिरीचा नाही. पावसाळ्यात रस्ता, पूल, कठडा आणि त्याबद्दलची माहिती या चारही गोष्टी किती भरवशाच्या आहेत, हा खरा प्रश्न आहे. यातल्या माहितीची बाजू दुरुस्त करायला सर्वांत कमी पैसा लागतो.

सध्या ती कशी मिळते? घाट बंद असल्याचा आदेश जिल्हाधिकारी काढतात. त्या पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. त्यावरची तारीख वाचता येत नाही, गेल्या वर्षीचा आदेश यंदाचा म्हणून पुढे ढकलला जातो. वरचा अर्धा घाट एका जिल्ह्यात, खालचा दुसऱ्यात. एकीकडून वाहतूक सुरू असल्याचे कळते, दुसरीकडून बंद. दहिवडीहून निघालेल्या गाडीला दरड पडल्याचे समजते ते कोयनानगरच्या पुढे, रांगेत उभे राहिल्यावर. तोवर दीडशेच्या आसपास किलोमीटर झालेले असतात. फलक लागायला हवा तो उंब्रजच्या फाट्यावर, जिथून गाडी वळवणे सोपे आणि स्वस्त आहे. घाटांची सद्यःस्थिती तारीख-वेळेसह सांगणारे एकच अधिकृत पान, दोन्ही जिल्ह्यांनी मिळून चालवलेले, हे काही चंद्रावर जाण्याइतके अवघड तंत्रज्ञान नाही.

तोपर्यंत जुना उपाय कामाचा आहे. पाटण किंवा चिपळूणच्या एसटी आगाराला फोन लावायचा. एसटी घाटातून येत-जात असेल तर रस्ता सुरू आहे. गाड्या परत फिरवल्या असतील तर पुढे काही विचारायची गरज नाही.

फूटभर पाण्याचे गणित

मोरीवरून पाणी वाहत असते. समोरून एक जीप निघून जाते, मागचा म्हणतो, ‘जातंय की, घाला.’ इथे थोडे गणित करावे. लहान कारचे वजन साधारण १,००० किलो. तिच्या तळाचे क्षेत्रफळ सहा चौरस मीटरच्या आसपास. तळाच्या वर दहा सेंटिमीटर पाणी चढले की सुमारे ६०० लिटर पाणी बाजूला सरते, म्हणजे गाडीला खालून ६०० किलोचा आधार मिळतो. सोळा-सतरा सेंटिमीटरला गाडीचे वजन जवळपास शून्य! जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतची उंचीही तेवढीच धरली, तर रस्त्यावर फूट-सव्वा फूट पाणी म्हणजे कार तरंगायच्या बेतात आली. त्याच्या आधीच टायरची पकड सुटू लागते आणि वाहते पाणी तिला आडवे ढकलू लागते. जड जीप गेली म्हणून हलकी कार जाईल, हा हिशेब इथे चुकतो. शिवाय गढूळ पाण्याखाली मोरी शाबूत आहे का, हे वरून कुणालाच दिसत नाही.

गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नये. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टनचा दांडा वाकतो आणि इंजिन खोलावे लागते. हा खर्च साध्या सर्वसमावेशक विम्यात बहुतेक वेळा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळत नाही.

घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, सतत ब्रेक दाबून नव्हे. आणि धुक्यात चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवायची जी नवी पद्धत पडली आहे, ती बंद व्हायला हवी. त्याने मागच्याला गाडी उभी आहे की वळते आहे, हेच कळत नाही.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर

खरे तर इथे धोका संपायला हवा. पण वाळूत गाडी रुतल्याची बातमी गुहागर-दापोलीच्या पट्ट्यातून दर हंगामात येते. ओहोटीची ओली वाळू सिमेंटसारखी कडक वाटते. चाक जागेवर फिरले की तीच वाळू पातळ होते. भरतीला पूर्ण यायला सव्वासहा तास लागतात हे ऐकून लोक निर्धास्त होतात. पाणी मात्र सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचा जवळपास निम्मा भाग मधल्या दोन तासांत येतो. पन्नास मीटरला एक मीटर असा उतार असलेल्या पुळणीवर पाणी मीटरभर चढले, तर ते आडवे पन्नास मीटर आत आलेले असते. ट्रॅक्टर शोधून आणेपर्यंत खारे पाणी वायरिंगमध्ये गेलेले असते. कोळी लोकांचा ठोकताळा सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला साधारण सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या खाड्यांवरची जंगलसेवा, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, खराब हवेत थांबते. दापोली आणि गुहागर एकाच दिवसात बसवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. बोट बंद असली तर चिपळूणवरून शंभरेक किलोमीटरचा वळसा पडतो, आणि तो बहुतेक वेळा अंधारात.

परत फिरण्याची किंमत

इतके सगळे माहीत असूनही गाड्या पुढे का जातात? कारण परत फिरणे महाग असते. मुक्कामाचे आगाऊ पैसे बुडतात, गाडीभाडे अंगावर पडते, नोकरीवाल्याची रजा वाया जाते. दुष्काळी तालुक्यातल्या कुटुंबासाठी ही रक्कम लहान नसते. चालकाची अडचण त्याहून मोठी. त्याचा रोज फेरीवर ठरतो, ‘नको जाऊया’ म्हणाला तर पुढच्या वेळी दुसरा चालक बोलावला जातो. म्हणून घाटाच्या तोंडाशी जो निर्णय होतो तो पावसाकडे बघून होत नाही, खिशाकडे बघून होतो.

यावर उपाय घाटात नाही, बुकिंग करतानाच आहे. रेड अलर्ट असेल तर पैसे परत नकोत, तारीख बदलून मिळावी, एवढी अट मुक्काम देणाऱ्याशी आधी बोलून ठेवता येते. पावसाळी पर्यटन वाढवायचे असेल तर कोकणातल्या घरगुती निवासांनी ही सवलत स्वतःहून जाहीर करायला हवी. त्यांचे गिऱ्हाईक त्याने तुटणार नाही. चालकाचा दिवसाचा रोज गाडी फिरली तरी द्यायचा, हेही निघण्याआधी ठरलेले बरे.

माण-फलटण भागातले मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या कोकणात जातात. ते दिवाळीनंतर उतरतात आणि पाऊस लागायच्या आत वर येतात. ज्यांना भर पावसातच समुद्र बघायचा आहे त्यांनी निदान मुक्काम दोन रात्रींचा ठेवावा, म्हणजे एक दिवस पाटण किंवा चिपळूणला थांबून काढता येतो. अडचणीत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेतच. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. दुसऱ्या जिल्ह्याचा कक्ष हवा असेल तर तिथला एसटीडी कोड आधी लावावा लागतो. तो घाट चढण्यापूर्वीच फोनमध्ये जतन करावा, वर रेंज मिळेलच असे नाही.