भागाकार शिकवायला घटना आड येत नाही

पनवेलच्या एका अनुदानित शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. एका जूनमध्ये तळोज्याकडचा एक मुलगा थेट आठवीत आला. वयानुसार प्रवेश. आधीची वर्षं मदरशात गेलेली. अख्खं कुराण तोंडपाठ, हाफिज झालेला. एवढं पाठांतर पेलणारं डोकं, पण तीन अंकी भागाकार मांडताना हात थांबायचा. शिकवणारं कुणी भेटलंच नव्हतं. दिवाळीपर्यंत अपूर्णांकांत तो वर्गाच्या पुढे होता.

म्हणून मदरशांना मदत म्हटलं की निघणारं 'सरकारी पैसा धर्माला कशाला' हे मला ऐकवत नाही. धर्माला नकोच. कलम 28 प्रमाणे पूर्णपणे सरकारी खर्चाच्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. आसामनं 2020 साली सरकारी मदरशांच्या साध्या शाळा करण्याचा कायदा केला, तो उच्च न्यायालयात टिकला याच आधारावर. अनुदानित शाळेत मात्र एवढंच बंधन आहे, की पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षण मुलावर लादायचं नाही. (आमच्या शाळेत रोज प्रार्थना व्हायची, सरस्वतीपूजन व्हायचं, संमतीपत्र मी एकदाही पाहिलं नाही.) संस्था अल्पसंख्याकांची म्हणून अनुदानात दुजाभाव करू नका, हे कलम 30 सांगतं. आपल्या राज्याची डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना 2013 ची. तीत मानधन मिळतं ते गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी शिकवणाऱ्यांना.

घटना वाट देते; अडवतं राजकारण. 2015 मध्ये याच राज्यानं गणित, विज्ञान, इंग्रजीसारखे विषय न शिकवणारे मदरसे शाळाच नाहीत, तिथली मुलं शाळाबाह्य, असं ठरवलं. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, डी.एड. शिक्षकांचं मानधन 6 हजारांवरून 16 हजार आणि बी.एड.वाल्यांचं 8 हजारांवरून 18 हजार केलं. वाढ योग्यच होती. पण निवडणुकीच्या तोंडावर आलेलं पुढच्या निवडणुकीला जाऊही शकतं. अशा भरवशावर कुठला विश्वस्त अर्ज करील आणि कुठला बी.एड. झालेला तरुण तिथे टिकेल?

शिक्षण हक्क कायद्यातून 2012 साली मदरसे वगळले, तशा वेदपाठशाळाही. संहिता पाठ करणारं पोरही भागाकारावाचून राहू शकतं. दोघांना एकच नियम लावा: धर्मशिक्षणाचा खर्च समाजानं करावा, गणिताच्या शिक्षकाचा सरकारनं. त्याला मानधन नको, पगार द्या, आणि तो शासन निर्णयावर लटकत न ठेवता विधिमंडळात कायदा करून द्या. पनवेलकरांनो, मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारा.