आधी तार बंद, मग पाईप

संपादकीय



दर अंकात या पानावर वनहक्काचे दावे, घराखालची जागा, सातबारा हेच विषय असतात. या वेळी पाईप, चर आणि विजेची तार यांच्याबद्दल लिहितोय. जमिनीच्या लढ्यात हे कुठून आलं, असं कोणी विचारेल. जमिनीचा कागद शेवटी कुणाच्या तरी नावावर होतो ना? तो माणूस संध्याकाळी कामावरून जिवंत घरी आला पाहिजे. म्हणून हा विषय आपलाच आहे.

मागच्या मार्चमध्ये आमच्या वाडीवर नळपाण्याचं काम चालू होतं. पऱ्याच्या कडेच्या विहिरीपासून वर टाकीपर्यंत चर खणायचा, पाईप टाकायचा. मजुरी मीटरवर. जेवढा चर तेवढे पैसे, म्हणून सगळे घाईत. मी आणि माझा मामा लोखंडी पाईप वाहत होतो. काजूच्या झाडांजवळ वळण होतं, पाईप आडवा वळेना. मुकादम खालून ओरडला, "उभा करा नि फिरवा!" मामाने पाईप उभा केला. माझं टोक मी नुकतंच सोडलं होतं. वरती तार होती. मोठा आवाज झाला, उजेड झाला, आणि मामा चरात पडला.

मामा जगला. पण उजव्या हाताची तीन बोटं आता मिटत नाहीत. जाळं टाकता येत नाही, मधाला चढता येत नाही, कोयता धरता येत नाही. मुकादमाने त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, "कातकरी दारू पिऊन आला होता." सकाळचे साडेआठ वाजले होते. मामाच्या पोटात काळा चहा आणि अर्धी भाकरी होती, बाकी काही नाही.

दारूचं नाव घेतलं की चौकशी संपते, हे आपल्याला कोळसाभट्टीवर पण माहीत आहे आणि वीटभट्टीवर पण. म्हणून मी दुसऱ्या दिवशी बांबू आणि सुतळी घेऊन बसलो. नीट लांब राहून, अंदाजाने मोजलं. मग नियम काय आहे ते शोधलं. तो हिशोब तुमच्यापुढे ठेवतो.

रस्ता नसलेल्या जागी ११ हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार जमिनीपासून निदान ४.६ मीटर, म्हणजे १५ फूट उंच पाहिजे. रस्ता ओलांडून जाणारी घरगुती विजेची तार ५.८ मीटर, म्हणजे १९ फूट. रस्ता ओलांडणारी मोठ्या दाबाची तार ६.१ मीटर, म्हणजे २० फूट. आणि आपण वाहतो तो लोखंडी पाईप केवढा? ६ मीटर. २० फूट.

आता बघा. तार अगदी नियमात असली, तरी रानात उभा केलेला पाईप तिच्याही वर पाच फूट जातो. हातभर उचलला तर रस्त्यावरची तार पण लागते. त्यात चरातून काढलेल्या मातीचा ढीग दोन-तीन फुटांचा. त्यावर माणूस उभा राहिला की तार तेवढीच खाली आली. दुपारच्या उन्हात तार तापते, लांबते आणि आणखी झोळते. मामा मातीच्या ढिगावर उभा होता. दारूची गरजच नव्हती. ते काम ज्या पद्धतीने सांगितलं गेलं, त्यात कुणीही भाजला असता. मी पण.

कोणी म्हणतं, कावळा तारेवर बसतो त्याला काही होत नाही. कावळ्याचा पाय जमिनीला लागलेला नसतो, म्हणून. वीज जमिनीकडे जायला वाट शोधते. आपण ओल्या मातीत अनवाणी उभे आणि हातात लोखंड, म्हणजे आपणच ती वाट. मोठ्या दाबाच्या तारेला तर टेकावं पण लागत नाही, जवळ गेलं तरी ती उडी मारते. पहार, लोखंडी शिडी, लोखंडी टेप, जेसीबीचा हात, सगळ्यांना हेच लागू. काळा प्लास्टिकचा पाईप बरा, पण ओला आणि चिखलाने माखलेला असेल तर त्याच्यावर पण विश्वास नको.

हे आत्ताच का लिहायचं? कारण आता आपल्या वाड्यांवर वीज आणि पाणी एकाच वेळी येतंय. जलजीवन मिशन २०१९ ला जाहीर झालं, माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात देऊ म्हणून. १५ नोव्हेंबर २०२३ ला पीएम-जनमन सुरू झालं. महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती त्यात आहेत. घर, रस्ता, पाणी, वीज, सगळी कामं त्यात. म्हणजे ज्या वाटेने खांब येणार त्याच वाटेने चर जाणार. आणि चर खणायला आपलीच माणसं असणार.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची गोष्ट तशी जुनी आहे. चिपळूण तालुक्यात पोफळीला कोयनेचं वीजघर १९६२ पासून वीज करतं. त्या विजेच्या मोठ्या तारा आपल्या डोंगरांवरून मुंबईकडे गेल्या. वीज करून झालेलं पाणी वाशिष्ठीतून समुद्राला गेलं. आणि उन्हाळा आला की जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या टँकरची वाट बघतात. एवढ्या वर्षांनी नळ दारात येतोय, तो आपल्याला हवाच आहे. संघटना कामाला अडवणार नाही. पण त्या नळाची किंमत मामाच्या हातासारखी मोजायची नाही.

आपण बीळ खणतो तेव्हा काय करतो? आधी बघतो, आत नाग आहे का. पोरांना बाजूला करतो. एक जण खणतो, एक जण नजर ठेवतो. तार हा न फुसफुसणारा नाग आहे. खणणारा खाली बघतो, त्यामुळे वर बघायला दुसरा माणूस लागतोच. हीच आपली रीत चरावर न्यायची आहे. करायचं ते असं:

१. काम सुरू करायच्या आधी पूर्ण वाट चालून वर बघा. तार कुठे आडवी येते तिथे रंगीत फडकं बांधलेली काठी रोवा. तारेखाली पाईप रचायचे नाहीत.

२. पाईप नेहमी आडवा, कमरेच्या उंचीवर, दोन टोकांना दोन माणसं. वळण बसत नसेल तर खाली ठेवा, फांदी तोडा, वाट मोठी करा. उभा करायचा नाही, मुकादम ओरडला तरी.

३. पाईप, पहार, जेसीबी, काहीही तारेपासून १० फुटांच्या आत न्यायचं नाही. मोठ्या मनोऱ्यांवरच्या तारा असतील तर त्याहूनही बरंच लांब.

४. त्याच्या आत जावंच लागत असेल तर आधी तार बंद. महावितरणच्या लाईनमनने लेखी परवाना घेऊन बंद केलेली, आणि तार जमिनीला जोडून अर्थिंग केलेली. "लाईट गेलीय" म्हणजे तार मेली असं नाही. लाईट कधीही येते. कुणाच्या जनरेटरची वीज उलटी पण येते.

५. एक माणूस फक्त तारेकडे बघायला. त्याच्याकडे शिट्टी. शिट्टी वाजली की सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं. त्याला पूर्ण हजेरी मिळाली पाहिजे, कारण ते पण कामच आहे.

६. खांबाच्या आणि त्याच्या ताणाच्या तारेजवळ चर नको. आठ मीटरचा खांब जमिनीत दीड मीटरच असतो. त्याच्या बुडाशी मीटरभर खणलं तर खांब तारांसकट अंगावर येतो. २०२० च्या निसर्ग वादळात मंडणगड-दापोलीकडे खांब कसे झोपले ते आपण बघितलंय. त्याला वारा लागला, चराला वारा पण लागत नाही.

७. खणताना विटांची ओळ, रंगीत पट्टी किंवा केबल दिसली तर पहार थांबवा. खाली वीज असू शकते.

८. माती चराच्या काठापासून पाच फूट लांब टाका. चर पाच फुटांहून खोल गेला तर दोन्ही बाजूंना फळ्यांचा आधार आणि चढायला शिडी पाहिजे. आपला कातळ टिकतो, पण वरची लाल माती पावसात टिकत नाही. एक घनमीटर ओली माती जवळजवळ वीस क्विंटल भरते. छातीवर आली तर ओरडता पण येत नाही.

आणि इतकं करूनही घात झालाच, तर काय करायचं ते पण पाठ असू द्या. चिकटलेल्या माणसाला हात लावू नका, नाहीतर एकाचे दोन होतात. आधी वीज बंद करा. घरगुती लाईन असेल आणि बंद करता येत नसेल, तरच कोरड्या जागी उभं राहून कोरड्या बांबूने तार बाजूला सारा. मोठ्या दाबाची लाईन असेल तर बांबू पण नको. तीस-पस्तीस फूट लांब राहा, पावलं न उचलता सरकत मागे या, आणि १९१२ वर महावितरणला फोन करा. जेसीबीला तार लागली तर ड्रायव्हरने वीज बंद होईपर्यंत आतच बसायचं. आग लागली तरच दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारायची, गाडी आणि जमीन एकाच वेळी धरायची नाही. वीज बंद झाल्यावर, माणूस श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन करा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा, गाडी येईपर्यंत.

एक जुनी समजूत सोडायला लागेल. शॉक बसलेल्याला मातीत पुरलं की वीज उतरते, असं आपल्याकडे म्हणतात. उतरत नाही. त्याच्या अंगात वीज उरलेलीच नसते. त्या वेळात त्याचं हृदय चालू करायचं असतं, आणि तीच वेळ आपण खड्डा खणण्यात घालवतो.

हे सगळं मजुराने एकट्याने सांगितलं तर मुकादम म्हणेल, "नको असेल तर जा घरी." म्हणून ते गावाने सांगायचं. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) उघडा. जंगल जमिनीवर गावासाठी १३ सुविधा करता येतात. प्रत्येकीला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. त्यात विजेची लाईन पण आहे आणि पिण्याच्या पाण्याची पाईपलाईन पण आहे. आणि दोन्हीला ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे खांब आणि चर दोन्ही आपल्या हात वर करण्यातून जातात. मग हात वर करताना अट का घालू नये? वाडी खाजगी जागेत असेल तर ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत ठराव करा. जलजीवनच्या गाव पाणी समितीत निम्म्या बाया असल्या पाहिजेत. आपल्या बाया त्या समितीत आहेत की नुसती नावं आहेत, ते पण विचारा. घमेलं वाहणाऱ्या त्याच, आणि चराकाठी खेळणारी पोरं पण त्यांचीच.

ठराव असा लिहा:

"पाईपलाईनच्या कामाची आखणी वाडीच्या लोकांना बरोबर घेऊन, तारा आणि खांब दाखवून करावी. तारेजवळचं काम तार लेखी परवान्याने बंद केल्याशिवाय करू नये. मजुरांना बूट, हातमोजे, हेल्मेट ठेकेदाराने द्यावेत. प्रत्येक मजुराची रोज हजेरी लिहावी. तारेजवळच्या कामाची मजुरी मीटरवर न देता रोजावर द्यावी."

शेवटची अट विसरू नका. मीटरवर मजुरी असली की आपणच आपल्याला घाई करतो. हजेरीची पण अट सोडू नका. घात झाल्यावर "हा आमचा माणूसच नाही" असं सांगायला हजेरी नसली की सोपं जातं. रोज हजेरीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा. वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या माणसाला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवता येतं. चर खणणाऱ्यांनी ही नोंदणी करून घ्या. मामाची नव्हती.

थोडं आपलं पण बघू. आपल्या वाड्यांवर आकडे टाकलेल्या तारा आहेत, झाडाला बांधलेल्या, हाताला लागतील अशा. मीटर मिळाला नाही म्हणून आपण ते केलं, हे खरं. पण चर खणणाऱ्या पोराला ती तार कुणाची ते कळत नाही. काम सुरू व्हायच्या आधी ते आकडे आपणच काढू, आणि मीटरचा अर्ज सगळे मिळून एकदम देऊ. अर्ज लिहायला मी येतो, कार्यकर्ते पण येतील.

ज्यांना वाचता येतं त्यांनी हे पान संध्याकाळी वाडीवर मोठ्याने वाचून दाखवा. आठ मुद्दे पोरांकडून पाठ करून घ्या. मामा पण आता वाड्यांवर येतो. तो फार बोलत नाही, नुसता हात दाखवतो.

पाणी आमच्या हक्काचं, जीव पण आमच्या हक्काचा!

जिंदाबाद!